पुण्याचे अनवाणी धावपटू आणि अँटवर्पचा हंगाम (१९१९–१९२०)

१९१९ साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या क्रीडामेळाव्यात काही तरुण अनवाणी धावले. पायांत बूट नव्हते, अंगावर गणवेश नव्हता, युरोपीय शर्यतींचे नियम बहुतेकांना ठाऊक नव्हते. पाहुण्यांच्या जागेवर दोन वजनदार माणसे बसली होती : जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा आणि मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड. त्या दिवशी या दोघांमध्ये जे बोलणे झाले, त्यातून पुढच्या वर्षी, १९२० च्या ऑगस्टमध्ये, बेल्जियममधील अँटवर्प शहरात हिंदुस्थानचा पहिला ऑलिंपिक संघ उतरला. सहा खेळाडूंचा हा संघ एकही पदक न घेता परतला, म्हणून शालेय पुस्तकांत त्याला जागा मिळाली नाही. मात्र त्या एका हंगामात महाराष्ट्राच्या विसाव्या शतकातील कितीतरी धागे एकत्र आलेले दिसतात.

आधी ते वर्ष समजून घ्यायला हवे. १९१८ चा पावसाळा दख्खनने कोरडा पाहिला. त्याच वर्षी महायुद्धावरून परतणाऱ्या जहाजांबरोबर इन्फ्लुएन्झाची साथ मुंबई बंदरात उतरली आणि शरद ऋतूत तिच्या दुसऱ्या लाटेने इलाख्यातील गावेच्या गावे आजारी पाडली. हिंदुस्थानात या साथीने एक कोटीहून अधिक माणसे नेली. १९११ ते १९२१ हे आपल्या जनगणनेच्या इतिहासातील एकमेव दशक, ज्यात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. म्हणजे १९१९ साली पुण्याच्या मैदानावर जी पोरे धावत होती, ती नुकत्याच सरलेल्या दुष्काळातून आणि साथीतून वाचलेली होती. भरल्या पोटाची, दूध-तुपावर पोसलेली ही तुकडी नव्हे.

डेक्कन जिमखान्याची स्थापना १९०६ ची. मुठेच्या पलीकडे, फर्ग्युसन महाविद्यालयाच्या परिसरात तेव्हा वस्ती विरळ होती. पुढे या संस्थेचेच नाव त्या सबंध भागाला पडले. पुण्यात त्या काळी खेळाची दोन निराळी जगे नांदत होती. एक लष्करातले : पोलो, क्रिकेट, टेनिस, गोऱ्या पलटणींचा फुटबॉल आणि गोऱ्यांपुरते राखीव क्लब. पुण्याच्या गोऱ्या क्लबात पळवणकर बाळू मैदानाची निगा राखत आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकत, पण क्लबाचे सभासद ते कधीच होऊ शकले नसते. दुसरे जग पेठांतले : तालमी, लाल माती, जोर-बैठका, मल्लखांब, आट्यापाट्या, हुतूतू. डेक्कन जिमखान्याच्या शिकलेल्या तरुणांना या दोन जगांमध्ये पूल बांधायचा होता. देशी खेळांना लेखी नियम द्यावेत आणि विलायती खेळ आपल्या लोकांच्या हाती आणावेत, अशी ती दुहेरी खटपट होती. १९१४ मध्ये खो-खोचे नियम याच संस्थेत ठरवले गेले. मैदानाला मापे द्यायची, वेळ ठरवायचा, गुण मोजायचे : परकरात आणि धोतरात खेळला जाणारा गल्लीतला खेळ कागदावर आणायचा. आज हे किरकोळ वाटेल. परंतु जो खेळ मोजता येत नाही, तो दुसऱ्या गावाशी स्पर्धेत उतरवताही येत नाही.

दोराबजी टाटांचे या संस्थेशी नाते कसे जुळले, याचे उत्तर त्यांच्या विद्यार्थिदशेत आहे. जमशेटजींचा हा थोरला मुलगा १८७७ मध्ये केंब्रिजच्या कीज महाविद्यालयात दाखल झाला. तिथे त्याने क्रिकेट आणि फुटबॉल गाजवले, होड्या वल्हवल्या, टेनिस खेळले. व्हिक्टोरियाकालीन इंग्लंडमध्ये महाविद्यालयीन संघ हे राज्यकर्ते घडवण्याचे यंत्र होते. संघासाठी खेळणे, पंचाचा निर्णय मुकाट्याने मानणे, हरल्यावर हात मिळवणे : साम्राज्य चालवणाऱ्यांना लागणारे सारे संस्कार मैदानावर होतात, अशी तिथली धारणा होती. तरुण दोराबजी दोन वर्षांनी परतले, सेंट झेवियर्समधून पदवीधर झाले. मुंबईच्या शाळांमध्ये खेळांच्या स्पर्धा रुजवण्यासाठी त्यांनी पुढे बराच पैसा आणि वेळ खर्च केला. म्हणजे जिमखान्याने त्यांना अध्यक्ष केले ते केवळ देणगीदार म्हणून नव्हे. पुण्याच्या कार्यकर्त्यांना हवी होती ती खेळांची विलायती शिस्त या माणसाने तरुणपणी स्वतः भोगलेली होती.

१९२९ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष काउंट बाये-लातूर यांना लिहिलेल्या पत्रात टाटांनी पुण्याच्या त्या मेळाव्याची आठवण नोंदवली आहे. स्पर्धकांत शेतात राबणारी, साध्या अन्नावर जगणारी शेतकऱ्यांची मुले होती. त्यांना आधुनिक प्रशिक्षणाचा गंध नव्हता. तरीही त्यांनी लावलेला वेळ युरोपातील धावपटूंच्या वेळांशी तुलना करण्याजोगा होता, असे ते सांगतात. कारखानदाराच्या नजरेने पाहिलेले हे दृश्य आहे, हे विसरता कामा नये. त्यांना कच्चा माल दिसला आणि तो उत्तम प्रतीचा आहे, हेही दिसले.

शेतकऱ्यांची मुले इतकी कशी धावू शकली, असा प्रश्न शहरी वाचकाला पडतो. घाटमाथ्याच्या पूर्वेकडचा मुलूख डोळ्यांपुढे आणला की तो प्रश्न उरत नाही. पुण्याहून पूर्वेला मुळा-मुठा वाहत जाते आणि दौंड-शिरूरच्या सीमेवर भीमेला मिळते. या दोन नद्यांच्या बेचक्यात राहू आणि आसपासची गावे आहेत. तो सारा पट्टा आजही ‘राहू बेट’ म्हणूनच ओळखला जातो. आज तिथे ऊस आणि गुऱ्हाळे आहेत. शंभर वर्षांपूर्वीच्या अशा गावांत बाजारहाट, कोर्टकचेरी, पाहुणेरावळे ही सारी कामे पायांवर चालत. बेटाच्या दक्षिणेकडून, यवत-वरवंडच्या वाटेने, दर आषाढात तुकोबांची पालखी जाते. पंढरपूरपर्यंत पायी चालणे हा तिथल्या माणसाला पराक्रम वाटत नसे, तो वर्षाचा क्रम होता. त्याहीआधी मराठेशाहीचा पत्रव्यवहार जासुदांच्या पायांवर चालला होता आणि इंग्रजी अमलात टपालाची थैली घुंगरांची काठी घेतलेला हरकारा पळत नेई. धावणे हा या प्रदेशात कधीकाळी पोटाचा धंदा होता. त्याला ‘खेळ’ म्हणायचे कुणाच्या मनात आले नव्हते, इतकेच.

उणीव पायांत नव्हती, घड्याळात होती. त्या तयारीच्या दिवसांतला एक किस्सा सांगितला जातो. शंभर मीटरच्या शर्यतीला ऑलिंपिकमध्ये किती वेळ लागतो, अशी चर्चा निघाली तेव्हा एका जाणत्या सभासदाने उत्तर दिले : एखाद-दोन मिनिटे लागत असतील. तिथे सेकंदाच्या दशांशांचा हिशेब होतो, हे ऐकून गृहस्थ थक्क झाले. यात हसण्यासारखे थोडेच आहे. ज्या समाजाने वेळ घटकांत मोजली, त्याची घटका चोवीस मिनिटांची आणि पळ चोवीस सेकंदांचे. त्या काळी जगातला वेगवान माणूस शंभर मीटर अकरा सेकंदांच्या आत धावत होता, म्हणजे अर्ध्या पळात शर्यत सुरू होऊन संपलेली असे. पळाचेही साठ भाग करून ‘विपळ’ मोजण्याची रीत पंचांगकर्त्यांकडे होती, पण ती ग्रहांसाठी. माणसाच्या धावण्यासाठी तिचा उपयोग करायची वेळ कुणावर आली नव्हती.

मेळाव्यात टाटांनी लॉइडसाहेबांना विचारले, की १९२० च्या ऑलिंपिकमध्ये हिंदुस्थानचा संघ पाठवता येईल काय? गव्हर्नरांनी ही कल्पना उचलून धरली आणि लंडनमार्गे परवानगीची चक्रे फिरली. इथे थोडे थांबून विचार करण्यासारखे आहे. गुलाम देशाला स्वतंत्र संघ पाठवू द्यायला साम्राज्य राजी कसे झाले?

याचे एक उत्तर त्या वर्षाच्या राजकारणात सापडते. २८ जून १९१९ रोजी व्हर्सायच्या तहावर हिंदुस्थानच्या वतीने वेगळी सही झाली : भारतमंत्री माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराज गंगासिंह यांची. त्यामुळे राष्ट्रसंघाचा संस्थापक सदस्य होण्याचा मान हिंदुस्थानला मिळाला. स्वतःचे राज्य नसलेला असा सदस्य विरळाच. लाखो हिंदी शिपाई महायुद्धात लढले, त्याची ही कागदी परतफेड होती. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये अमृतसरला जालियनवाला बाग घडली होती. एका हाताने गोळ्या आणि दुसऱ्या हाताने आंतरराष्ट्रीय खुर्ची, असा तो काळ. ऑलिंपिकमधला स्वतंत्र प्रवेश याच दुसऱ्या हाताचा. तो देताना इंग्रजांचे फारसे काही जात नव्हते, घेताना मात्र आपल्याला बरेच मिळाले. कारण खेळाडूंच्या यादीत ‘इंडिया’ असे एकदा छापले गेले की ते पुसणे अवघड होते. १९०० साली पॅरिसमध्ये नॉर्मन प्रिचर्ड याने मिळवलेली दोन रौप्यपदके आज हिंदुस्थानच्या नावे मांडली जातात. पण तो एकट्याचा प्रवास होता. निवडचाचणी घेऊन, समिती नेमून, वर्गणी गोळा करून पाठवलेला संघ म्हणजे हाच पहिला.

संघ निवडायचा तर आणखी एक अडसर होता आणि त्याची चर्चा मराठीत फार कमी झाली आहे. ऑलिंपिकमध्ये तेव्हा फक्त ‘हौशी’ खेळाडूंना प्रवेश असे. खेळून एक पैसाही घेतलेला माणूस बाद. वरवर हा नियम उदात्त दिसतो. प्रत्यक्षात तो अशा लोकांनी केला होता, ज्यांना खेळून पैसे मिळवायची गरजच नव्हती. आपल्याकडे त्याचा फटका थेट कुस्तीला बसला. कोल्हापूरचे शाहू महाराज मल्लांना आश्रय देत होते, खासबागेचे भव्य मैदान त्यांच्याच प्रेरणेने १९१२ मध्ये उभे राहिले. बडोदे, पतियाळा, दतिया अशा दरबारांत मल्ल पगारावर पोसले जात. १९१० साली गामा आणि इमामबक्ष लंडनला जाऊन युरोप-अमेरिकेच्या नामवंत मल्लांना भारी पडले होते. पण इनाम आणि खुराक घेणारे हे सारे मल्ल नियमानुसार ‘धंदेवाईक’ ठरत. म्हणजे हिंदुस्थानची ज्या विद्येत खरी ताकद होती, तिथले सर्वश्रेष्ठ लोक ऑलिंपिकच्या दाराबाहेरच राहणार होते.

या नियमाची क्रूरता कळायला अमेरिकेतले एक उदाहरण पुरेसे आहे. पेनसिल्व्हेनियातील कार्लाइल येथे १८७९ पासून मूलनिवासी मुलांसाठी एक निवासी शाळा चालत होती. मुलांचे केस कापायचे, त्यांची भाषा बंद करायची, नावे बदलायची आणि त्यांना ‘सुसंस्कृत’ करायचे, हा तिचा उद्देश. या शाळेचा फुटबॉल संघ मोठमोठ्या विद्यापीठांच्या संघांशी महाविद्यालयीन हंगामात खेळे. तिथला फुटबॉल म्हणजे अंडाकृती चेंडू हातात घेऊन धावण्याचा, अंगावर अंग आदळण्याचा खेळ. ९ नोव्हेंबर १९१२ रोजी कार्लाइलच्या पोरांनी वेस्ट पॉइंट येथे लष्करी अकादमीच्या संघाला २७–६ असे लोळवले. ज्या सैन्याने त्यांच्या आजोबांच्या जमिनी बळकावल्या, त्याच सैन्याचे भावी अधिकारी समोर होते. त्यांच्यात पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झालेला ड्वाइट आयझेनहॉवरही होता. कार्लाइलचा नायक जिम थॉर्प त्याच उन्हाळ्यात स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन जिंकून आला होता. काही महिन्यांतच बाहेर आले की पूर्वी दोन उन्हाळे त्याने किरकोळ पैसे घेऊन बेसबॉल खेळला होता. १९१३ मध्ये त्याची दोन्ही सुवर्णपदके काढून घेण्यात आली. श्रीमंत महाविद्यालयांतील अनेक खेळाडू असेच पैसे घेत, पण खोटे नाव लावून; थॉर्पने स्वतःचे खरे नाव लावले होते. ती पदके त्याच्या नावावर परत यायला १९८२ साल उजाडले, तोवर तो मरून एकोणतीस वर्षे झाली होती.

पुण्याच्या शेतकरी धावपटूंना एका अर्थी या नियमाने तारले. त्यांच्या धावण्याला कधी कुणी पैसे दिलेच नव्हते.

एप्रिल १९२० मध्ये पुण्यात निवडचाचणी झाली आणि सहा जण ठरले. धावपटूंत बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले, सदाशिव दातार, एच. डी. कैकिणी आणि बंगालचे बॅनर्जी. मल्लांत नवले आणि रणधीर शिंदे. देशाचा संघ म्हटला तरी त्याची मुळे मुंबई इलाख्यात, किंबहुना पुणे-बेळगावच्या पट्ट्यात होती. खर्चासाठी लोकांकडे हात पसरण्यात आला, सरकारने काही मदत केली आणि मोठा भार टाटांनी स्वतः उचलला. संघाबरोबर सोहराब भूत आणि डॉ. फैजी हे दोघे होते. जूनमध्ये, म्हणजे इकडे मृगाच्या पेरण्यांची लगबग असताना, हे लोक मुंबईहून बोटीत बसले. काही आठवडे इंग्लंडमध्ये सराव करून ते बेल्जियमला जाणार होते. सराव शिकवणारे, सुरुवातीच्या बंदुकीच्या आवाजावर झेपावण्याची तालीम देणारे प्रशिक्षक त्यांना तिथेच पहिल्यांदा भेटले. जगातील उत्तम धावपटू वर्षानुवर्षे जे करत होते, ते यांना काही आठवड्यांत उरकायचे होते.

हे सहा जण परदेशात असतानाच १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत लोकमान्य टिळकांचे निधन झाले. ज्या पुण्याने त्यांना निरोप दिला होता, ते पुणे त्या दिवसांत ऑलिंपिकचा विचार करण्याच्या मनःस्थितीत नव्हते. तेरा दिवसांनी, १४ ऑगस्टला, अँटवर्पमध्ये खेळांचे उद्घाटन झाले.

अँटवर्पही शोकातलेच शहर होते. चार वर्षे जर्मन टाचेखाली काढलेल्या बेल्जियमचा सन्मान म्हणून त्याला यजमानपद दिले गेले. जर्मनी, ऑस्ट्रिया, हंगेरी, बल्गेरिया आणि तुर्कस्थान यांना निमंत्रणच नव्हते. पाच वर्तुळांचा ध्वज ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा फडकला तो इथे, खेळाडूंची शपथ पहिल्यांदा घेतली गेली तीही इथेच. संचलनात बॅनर्जींच्या हाती हिंदुस्थानचा झेंडा होता. अर्थात तो ब्रिटिश हिंदुस्थानचा.

मॅरेथॉन २२ ऑगस्टला झाली. हवा गार, पावसाची भुरभुर. या शर्यतीचे अंतर ४२.७५ किलोमीटर होते, आजच्या प्रमाणित ४२.१९५ पेक्षा अर्ध्या किलोमीटरहून जास्त. ऑलिंपिकच्या इतिहासातील ही सर्वांत लांब मॅरेथॉन. आपल्या जुन्या मापाने साधारण तेरा कोस. फिनलंडचा हानेस कोलेहमाइनेन २ तास ३२ मिनिटे ३५.८ सेकंदांत पहिला आला, तेरा-एक सेकंदांच्या फरकाने एस्टोनियाचा युरी लोसमान दुसरा. बेळगावचे चौगुले एकोणिसावे : २ तास ५० मिनिटे ४५ सेकंद. दातारांना शर्यत पूर्ण करता आली नाही.

एकोणिसावा क्रमांक म्हटल्यावर वाचक पुढे सरकतो. आकड्यांकडे जरा नीट पाहावे. चौगुल्यांनी सबंध अंतर दर किलोमीटरला चार मिनिटांपेक्षा किंचित कमी वेळ ठेवून कापले. आजच्या प्रमाणित अंतरावर त्याच गतीने २ तास ४८ मिनिटे ३० सेकंदांच्या आसपास वेळ लागेल. विजेत्याशी अंतर सव्वाअठरा मिनिटांच्या आत. आज शास्त्रशुद्ध आहार, गादीचे बूट आणि मनगटावर घड्याळ घेऊन धावणारा हौशी मराठी धावपटू तीन तासांच्या आत मॅरेथॉन पूर्ण करतो, तेव्हा त्याचे मित्र त्याचा सत्कार करतात. चौगुल्यांना युरोपची हवा, अन्न, रस्ते आणि स्पर्धेची पद्धत, सारेच परके होते.

त्या शर्यतीतले पहिले दोन धावपटू कोणत्या देशांचे होते, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. कोलेहमाइनेनने १९१२ मध्ये स्टॉकहोमला तीन सुवर्णपदके जिंकली, तेव्हा फिनलंड झारच्या साम्राज्यात होता आणि त्याच्या विजयानंतर चढला तो रशियाचा झेंडा. तो झेंडा पाहून त्याला स्वतःच्या जिंकण्याचीच खंत वाटली होती. १९१७ मध्ये फिनलंड आणि त्यापाठोपाठ एस्टोनिया स्वतंत्र झाले. १९२० मध्ये दोघेही आपापल्या देशांच्या नावाने धावले. नुकत्याच सुटलेल्या दोन देशांच्या मागे, सतरा जणांच्या अंतरावर, अजून न सुटलेल्या देशाचा माणूस धावत होता.

पदकाच्या सर्वांत जवळ पोहोचले ते मल्ल रणधीर शिंदे. पंख वजनी गटात, फ्रीस्टाइल कुस्तीत, ते उपांत्य फेरीपर्यंत गेले. तिथे हरल्यावर कांस्यपदकासाठीची कुस्ती ब्रिटनच्या बर्नार्डशी झाली आणि तीही गेली. चौथा क्रमांक. लाल मातीत वाढलेल्या मल्लाला गादीवर उतरवले की काय होते, ते कुस्तीतल्या माणसाला सांगायला नको : माती पाय धरते, घामावर चोळता येते, गादी पाय सोडते. मातीतला निकाल चीतपटीचा, गादीवर घड्याळ आणि पंच यांच्याही हाती. एवढे असूनही एक कुस्ती जिंकली असती तर हिंदुस्थानचे पहिले ऑलिंपिक कुस्तीपदक १९२० साली आले असते. ते यायला बत्तीस वर्षे लागली. १९५२ मध्ये हेलसिंकीला कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी कांस्यपदक आणले. तेही एका महाविद्यालयाच्या पुण्याईवर : कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपल्या विद्यार्थ्याच्या प्रवासासाठी स्वतःचे घर गहाण टाकले होते.

अँटवर्पच्या संघाची आणखी एक हानी झाली, ती कागदावर. ऑलिंपिकच्या नोंदींत सदाशिव दातारांचे ‘सदाशिर’ झाले, शिंद्यांना शेवटी एक ‘स’ चिकटला आणि ते ‘शिंडेस’ झाले, बॅनर्जींचे नाव ‘पुर्मा’ असे उमटले. शंभर वर्षे हीच नावे जगभर एका यादीतून दुसऱ्या यादीत उतरवली जात आहेत. मराठी वाचणाऱ्या कुणीही एका नजरेत दुरुस्त केल्या असत्या अशा या चुका आहेत. ती यादी मराठी वाचणाऱ्यांसमोर कधी आलीच नाही.

संघ परतला तेव्हा देश बदललेला होता. सप्टेंबर १९२० मध्ये कलकत्त्याच्या खास अधिवेशनात काँग्रेसने असहकाराचा ठराव केला. सरकारी महाविद्यालये सोडा, अशी हाक विद्यार्थ्यांना दिली जात होती. अशा वेळी गव्हर्नरांच्या शिफारशीने विलायतेला जाऊन आलेल्या खेळाडूंचे कौतुक कोण करणार? टाटांनी मात्र काम सोडले नाही. ते १९२० मध्येच आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे सदस्य झाले आणि १९२७ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय ऑलिंपिक संघटनेचे पहिले अध्यक्षही. १९२८ मध्ये ॲमस्टरडॅमला हॉकी संघाने सुवर्णपदक जिंकले, त्यामागे उभी असलेली यंत्रणा पुण्याच्या त्या मेळाव्यातून वाढत गेलेली होती.

टाटांची दुसरी बाजू त्याच वर्षांची आणि त्याच जिल्ह्याची आहे. शेतकऱ्यांची मुले जिमखान्यावर धावली त्याच १९१९ मध्ये टाटा पॉवर कंपनी स्थापन झाली. मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरवण्यासाठी तिने मुळशी पेट्यात मुळा नदीवर धरणाचे काम हाती घेतले. पन्नासच्या आसपास गावांची भातखाचरे पाण्याखाली जाणार होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी धरणाच्या कामावर ठाण मांडले. पुढे सेनापती बापट त्यांचे नेते झाले. मावळातला शेतकरी ‘जान किंवा जमीन’ म्हणत ज्या कंपनीसमोर उभा होता, ती दोराबजींच्याच घराण्याची होती. दख्खनी शेतकऱ्याचे पाय जगाने पाहावेत म्हणून ज्याने पदरमोड केली, त्याच उद्योगसमूहाने मावळातल्या शेतकऱ्याच्या पायाखालची जमीन घेतली. दोराबजींचे चरित्र लिहिणाऱ्यांनी या दोन गोष्टी सहसा वेगवेगळ्या प्रकरणांत टाकल्या आहेत. त्या एकाच प्रकरणात लिहायला हव्यात.

सत्याग्रह १९२४ पर्यंत रेटला गेला आणि मोडला. धरण पूर्ण झाले. मुळशीत अडवलेले मुळेचे पाणी बोगद्यातून सह्याद्रीच्या पश्चिमेला उतरवले गेले, भिऱ्याच्या वीजघरातून फिरून ते कोकणाकडे जाऊ लागले. एरवी ते पुण्याच्या संगमावर मुठेला भेटून, राहू बेटाच्या कडेने वाहत, भीमेला मिळाले असते.